मुंबईत नव्याने आलेल्या श्वानप्रशिक्षकाने काम कसे शोधावे

कोल्हापुरात सहा वर्षे कुत्र्यांना शिकवण्याचे काम केल्यानंतर घरच्या कारणाने मला मुंबईला यावे लागले. जिथे माणसे जास्त तिथे पाळीव कुत्री जास्त आणि जिथे कुत्री जास्त तिथे काम आपोआप मिळेल, अशी तेव्हा माझी समजूत होती. कुत्री भरपूर होती. काम मात्र पहिले दोन महिने मिळाले नाही, आणि मिळाले तेव्हा टिकले नाही, कारण मी शिकवत होते ते मोकळ्या अंगणातल्या कुत्र्यासाठी होते आणि समोर बसलेला कुत्रा चौदाव्या मजल्यावर राहणारा होता.

हा लेख ज्यांना काम येते पण हे शहर ठाऊक नाही अशांसाठी आहे. ज्यांनी अजून कुत्र्याचा पट्टा नीट हाती धरलेला नाही, त्यांनी आधी एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाबरोबर वर्षभर उभे राहावे.

१. घराआधी रेल्वेमार्ग ठरवा

या व्यवसायात ग्राहक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्या घरी जाता. त्यातही कुत्रा फिरायला जातो ती वेळ, म्हणजे सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, हीच तुमची कामाची वेळ आणि हीच लोकल गाड्यांच्या गर्दीची वेळ. पाऊण तासाच्या शिकवणीसाठी दीड तास प्रवास करणारे नवखे प्रशिक्षक मी पाहिले आहेत, आणि काम मिळू लागल्यावर पहिल्या महिन्यात मीही तेच केले: सकाळी मुलुंड, दुपारी वांद्रे, संध्याकाळी पुन्हा पवई. त्या महिन्याची कमाई रिक्षावाल्यांनी नेली.

पश्चिम, मध्य किंवा हार्बर यांपैकी एक मार्ग निवडा आणि त्यावरची लागोपाठची पाच-सहा स्थानके हाच आपला इलाखा मानून चला. मी जोगेश्वरीला राहते. सकाळी गर्दी दक्षिणेकडे, चर्चगेटच्या दिशेने जाते, म्हणून सकाळची कामे मी उत्तरेकडे गोरेगाव, मालाड, कांदिवलीला ठेवते. संध्याकाळी गर्दी उलटी फिरते, तेव्हा पार्ले आणि सांताक्रूझ गाठते. अशाने बसायला जागा मिळते आणि साहित्याची पिशवीही शाबूत राहते. पूर्व-पश्चिम ओलांडणे शक्यतो टाळावे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोजवळ राहत असाल तर एवढी सक्ती नाही.

२. घर घेताना दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या

भाड्याचा करार लीव्ह अँड लायसन्स पद्धतीचा आणि नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि पुढे प्रत्येक कागदासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो. तुमचा स्वतःचा कुत्रा असेल तर दलालाला ते पहिल्याच फोनवर सांगा. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही किंवा त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. पण घरमालकाने करारातच अट घातली तर तो प्रश्न वेगळा होतो. दुसरी गोष्ट म्हणजे भाड्याच्या खोलीत लोकांची कुत्री सांभाळायला ठेवण्याचा विचार असल्यास मालकाची लेखी परवानगी घ्या. तोंडी होकार शेजाऱ्यांच्या पहिल्या तक्रारीपर्यंतच टिकतो.

३. कागदपत्रे आल्या आठवड्यातच करून घ्या

कुत्रा शिकवण्यासाठी आपल्या देशात कोणताही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे या धंद्यात कोणीही शिरू शकतो आणि त्यामुळेच अनोळखी ट्रेनरकडे लोक संशयाने पाहतात. कागदपत्रांचा पहिला उपयोग हा संशय दूर करण्यासाठी होतो.

पुढील कागद एका फाईलमध्ये आणि फोनमध्येही ठेवावेत:

– आधार, पॅन आणि नोंदणीकृत भाडेकरार.
– पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन करता येतो. मी ते पहिल्या भेटीत न मागता दाखवते, कारण पुष्कळदा घरात फक्त आजी आणि कामवाल्या मावशी असतात आणि त्यांच्या भरवशावर आपण आत शिरणार असतो.
– उद्यम नोंदणी. लहान उद्योगांसाठीची ही केंद्र सरकारची नोंदणी आधार आणि पॅनवर पूर्णपणे मोफत होते. सरकारी भासणारी आणि ‘प्रक्रिया शुल्क’ मागणारी संकेतस्थळे बरीच आहेत. पैसे मागितले की पान बंद करा.
– दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचनेची पावती. मोजकी माणसे घेऊन काम करणाऱ्याला पूर्ण नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना पुरते, आणि चालू खाते उघडताना बँक ही पावती मागते.
– पूर्वीच्या गावातील दोन-तीन पशुवैद्यकांची किंवा ग्राहकांची पत्रे.
– कामाच्या चित्रफिती. कुत्रा गोड दिसण्यापेक्षा तुमचा हात, पट्टा आणि वेळ साधणे त्यात दिसले पाहिजे.

सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे पहिल्याच महिन्यात ती करून देण्याचा आग्रह धरणाऱ्या सल्लागाराला नम्रपणे नकार द्यावा. परदेशी प्रमाणपत्रांपैकी सीपीडीटी-केए (सर्टिफाइड प्रोफेशनल डॉग ट्रेनर – नॉलेज असेस्ड) हे नाव इथले जाणकार ओळखतात. त्याच्या परीक्षेला बसण्यासाठी गेल्या तीन वर्षांतील किमान तीनशे तासांचा प्रशिक्षणाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून त्या तासांची नोंदवही आजपासूनच ठेवावी. चार दिवसांच्या शिबिरात मिळणारे सोनेरी कडांचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण मला त्यावर एकही काम मिळालेले नाही.

४. स्वतःला लस टोचून घ्या

कुत्रा चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस प्रत्येक प्रशिक्षकाने घेतलीच पाहिजे. आपल्याकडे ती, पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून, शून्याव्या, सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. ती घेतलेल्या माणसाला नंतर कुत्रा चावला तर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस लागतात आणि इम्युनोग्लोबुलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज राहत नाही. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ग्राहकाच्या घरची मंडळी प्रेमापोटी हळद, चुना किंवा तिखट घेऊन धावत येतात. ते लावू देऊ नये.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, विशेषतः पायाला जखम असताना, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्या. लेप्टोस्पायरोसिससाठी (उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) महापालिका दर पावसाळ्यात हेच आवाहन करते, आणि सकाळ-संध्याकाळ रस्त्यावर असणाऱ्या आपल्यासारख्यांना ते सर्वांत आधी लागू पडते.

५. इमारतीतला कुत्रा शिका

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे.

माझे तिसरे की चौथे काम होते कांदिवलीच्या एका टॉवरमधला ब्रूनो, दोन वर्षांचा लॅब्राडोर. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, बागेत मी त्याला तीन आठवडे शिकवले. ‘सिट’, ‘स्टे’, बोलावल्यावर येणे, शेजारी चालणे हे सगळे तो इतके नीट करू लागला की बाकावर बसणारे आजोबा टाळ्या वाजवत. चौथ्या आठवड्यात त्याच्या मालकीण काकूंनी फोन करून काम थांबवले. “ताई, खाली तो सगळं ऐकतो हो,” त्या म्हणाल्या, “पण लिफ्टचं दार उघडलं की त्याला मी दिसतच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी पैसे न घेता त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभी राहिले. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार सरकले आणि समोर दोन हातांत दुधाच्या पिशव्या घेतलेला मुलगा उभा. ब्रूनो पुढे झेपावला, काकू भिंतीवर आदळल्या, मुलगा मागे सरकला, दार बंद झाले. हे सगळे चार सेकंदांत घडले. तीन आठवडे मी बागेत जे शिकवत होते त्यातले काहीच या चार सेकंदांत उपयोगी पडले नव्हते.

मुंबईतल्या कुत्र्याची बहुतेक दुखणी घराचा दरवाजा आणि सोसायटीचे फाटक यांच्या मधल्या टापूत असतात. म्हणून आता मी शिकवणीची सुरुवात त्याच टापूतून करते. घराचे दार उघडल्यावर उंबऱ्यावर थांबणे. लिफ्टची वाट पाहताना दारापासून दोन पावले मागे, बाजूला बसणे. आत शिरल्यावर मागच्या कोपऱ्यात जाऊन वळणे आणि मालकाचे पाय कुत्रा व दार यांच्या मध्ये येतील असे उभे राहणे. मजल्यावर लिफ्ट थांबली की दाराकडे न पाहता मालकाच्या हाताकडे पाहणे. हे शेवटचे साधायला वेळ लागतो. सुरुवातीला दुपारी दोन ते चारच्या शांत वेळेत रिकाम्या लिफ्टने वर-खाली करायचे, दार उघडण्याचा आवाज झाला की लगेच खाऊ द्यायचा, असे दहा-बारा दिवस केले की तो आवाज म्हणजे ‘मालकाकडे पाहा’ ही खूण होऊन बसते. लिफ्टमन असेल तर त्याला आधी विश्वासात घ्या, नाहीतर तिसऱ्या फेरीला तो सेक्रेटरींना फोन लावतो.

ब्रूनोला हे जमायला पाच आठवडे लागले आणि काकूंनी त्यांच्याच टॉवरमधली आणखी दोन कामे दिली.

इमारतीतले इतर विषयही असेच ठरलेले असतात: शी-शू कुठे करायची याची शिस्त, कारण जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला की वर्तमानपत्रावर किंवा बाल्कनीत करण्याची सवय नसलेले पिल्लू आणि मालक दोघेही रडकुंडीला येतात, दाराच्या बेलवर भुंकणे, कारण डिलिव्हरीवाले दिवसातून आठ वेळा बेल वाजवतात, दोघेही नोकरीवर गेल्यानंतर एकट्याने राहणे, आणि फाटकाबाहेरची वस्तीतली कुत्री. या शेवटच्या बाबतीत त्या कुत्र्यांना दगड किंवा काठी दाखवणारा ट्रेनर सोसायटीतल्या खाऊ घालणाऱ्या मंडळींशी कायमचे वैर घेतो. त्या मंडळींशी ओळख करून घ्या, कोणता कुत्रा लसीकरण झालेला आहे आणि कोणता फाटक राखतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

६. नोकरी घ्यायची झाल्यास

सुरुवातीचे सहा महिने बोर्डिंग, डे-केअर किंवा मोठ्या ग्रूमिंग सलूनमध्ये नोकरी करणे शहाणपणाचे आहे, कारण तिथे एका महिन्यात तुम्ही पन्नास कुत्री आणि त्यांचे पन्नास मालक पाहता. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांत आठवड्यातून एक दिवस स्वयंसेवक म्हणून गेलात तर घाबरलेला, मार खाल्लेला कुत्रा हाताळण्याचा अनुभव मिळतो आणि पुढे दत्तक गेलेल्या कुत्र्यांची कामे तुमच्याकडे येऊ लागतात.

सापळे मात्र ओळखा. एका ठिकाणी मला ‘ट्रायल’ म्हणून सतरा दिवस बिनपगारी राबवले आणि अठराव्या दिवशी दुसरी मुलगी ट्रायलवर घेतली. चाचणी एका दिवसाची असावी आणि तिचेही पैसे मिळावेत. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नका. ‘नोकरी सोडल्यावर मुंबईत काम करणार नाही’ अशा कागदावर घाईत सही करू नका. आणि ज्या जागी साखळीने झटके देऊन, उपाशी ठेवून किंवा शॉक देऊन शिकवले जाते तिथे थांबू नका: प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा हाताखालच्या माणसालाही लागू होतो, आणि अशा ठिकाणचा कॅमेऱ्यातला एक तुकडा बाहेर आला की त्यात चेहरा तुमचा असतो.

७. पहिली दहा कामे

जाहिरातीवर पैसे घालवू नका. माझी पहिली दहा कामे कुठून आली ते सांगते: चार पशुवैद्यकांकडून, तीन डॉग वॉकर मुलांकडून, दोन ब्रूनोच्या टॉवरमधून आणि एक माझ्याच इमारतीच्या वॉचमनकाकांकडून.

पशुवैद्यकाकडे दुपारी, दवाखाना रिकामा असताना जावे. परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय किंवा महालक्ष्मीचे टाटा ट्रस्ट्सचे प्राणी रुग्णालय अशी मोठी ठिकाणे पाहून ठेवावीत, रात्री-अपरात्री ग्राहक तुम्हालाच विचारतात; पण काम मिळते ते गल्लीतल्या लहान दवाखान्यातून. तिथे व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा ठेवून निघून येण्याऐवजी एक प्रश्न विचारा: टेबलावर चढायला कोणती कुत्री त्रास देतात? अशा एका कुत्र्याला पंजा हातात देण्यास आणि तोंडाला जाळी घालून घेण्यास शिकवून दाखवलेत तर डॉक्टरांचे काम हलके होते आणि ते तुमचे नाव स्वतःहून सांगतात. बदल्यात एक मर्यादा पाळा. कोणतेही औषध, अगदी गोचिडीचे किंवा फटाक्यांसाठीचे ‘शांत करणारे’ही, तुम्ही सुचवू नका, उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे.

डॉग वॉकर मुलांना अनेक प्रशिक्षक कमी लेखतात. सकाळी एका हातात चार पट्टे धरून चालणाऱ्या त्या मुलाला कोणत्या फ्लॅटमधला बीगल पट्टा चावतो आणि कोणत्या हस्कीला मे महिन्यातही दुपारी खाली आणतात, हे सगळे पाठ असते. त्याला पट्टा धरण्याची एक चांगली पद्धत शिकवा. त्याचे गिऱ्हाईक ओढण्याचा विचारही करू नका.

८. पहिली भेट, दर आणि लेखी करार

पहिल्या भेटीचे पैसे घ्यावेत, मग ते थोडे का असेनात. त्या भेटीत कुत्र्याचे लसीकरणाचे पुस्तक आणि महापालिकेचा श्वानपरवाना पाहावा. रेबीजची लस नसेल तर काम लसीनंतर सुरू करावे. पिल्लू कोठून व किती आठवड्यांचे आणले हेही विचारावे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, तरीही पाच आठवड्यांत आईपासून तोडलेली पिल्ले घरोघर दिसतात आणि त्यांचे चावरेपण निराळ्या धीराने हाताळावे लागते.

दर शेजारच्या ट्रेनरकडे पाहून ठरवू नका. समजा तुमचा महिन्याचा खर्च चाळीस हजार रुपये आहे. चोवीस दिवस, दिवसाला चार भेटी, म्हणजे कागदावर ९६ भेटी होतात. त्यातल्या पाऊस, आजारपण आणि ऐनवेळचे निरोप यांत १८ गेल्या तर ७८ उरतात. म्हणजे एका भेटीमागे सुमारे ५१३ रुपये मिळाले तर फक्त खर्च निघतो, कमाई त्याच्या वर सुरू होते. दहा-बारा भेटींचा संच करून अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी. चार तास आधी कळवले नाही तर भेट मोजली जाईल, ही अट लिहून घ्यावी.

करारात आणखी तीन वाक्ये हवीत: घरातला किमान एक माणूस प्रत्येक भेटीत हजर राहील, कुत्रा पूर्वी कोणाला चावला असल्यास ते सांगितले आहे, निकालाची हमी दिलेली नाही. ‘एकवीस दिवसांत शंभर टक्के’ असे म्हणणारे या शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यानंतर येणारे काम बरेचदा आपल्याला मिळते. पट्टा तुमच्या हातात असताना कुत्रा कोणाला चावला तर प्रश्न फक्त मालकाचा राहत नाही: भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार ताब्यातील प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चावऱ्या कुत्र्याला जाळीची सवय लावल्याशिवाय लिफ्टमध्ये नेऊ नका.

महिला प्रशिक्षकांसाठी एक सूचना. पहिल्या भेटीला जाताना फाटकावरच्या नोंदवहीत किंवा ॲपमध्ये स्वतःची नोंद होऊ द्या, पत्ता घरी कळवा, आणि घरातली बाई ‘येईलच’ असे सांगितले गेले तर ती येईपर्यंत खाली बागेत शिकवा.

९. पिशवीत काय असावे

दीड मीटरचा आणि पाच मीटरचा असे दोन साधे पट्टे (आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा लिफ्टच्या दारात अडकतो, तो नकोच), दोन मापांचे हार्नेस, जाळीचा मझल, क्लिकर (दाबल्यावर ‘टिक’ वाजणारी खुणेची डबी), उकडलेल्या चिकनचे आणि शाकाहारी घरांसाठी पनीरचे बारीक तुकडे वेगवेगळ्या डब्यांत, शी उचलण्याच्या पिशव्या, पाणी, साबणाची वडी, जुना टॉवेल आणि छत्रीऐवजी रेनकोट. शाकाहारी सोसायटीत चिकनचा डबा उघडून मी एकदा काम घालवले आहे.

१०. वर्षाचे गणित आधीच मांडा

मे महिन्यात लोक गावी जातात, शिकवण्या थांबतात आणि बोर्डिंगवाल्यांना जादा माणसे हवी असतात. तेव्हा महिनाभर तिथे काम धरावे. उरलेल्या भेटी सकाळी साडेआठच्या आत उरका, कारण पेव्हर ब्लॉकवर हाताची पालथी बाजू पाच सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही पोळतात. जून ते सप्टेंबर घरातल्या घरात करायचे धडे आणि पार्किंगमधली कामे ठेवावीत. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके यांची तयारी मात्र जुलैपासूनच सुरू करावी लागते: आवाजाची ध्वनिफीत अगदी हळू लावायची, कुत्रा खात-खेळत राहील इतपतच, आणि आठवड्यागणिक थोडी वाढवायची. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात येणारे फोन सर्वांत जास्त असतात. त्यांना खरे काय ते सांगा की आता शिकवायला वेळ उरलेला नाही, खिडक्या बंद करून पंखा आणि टीव्ही लावून आतल्या खोलीत बसवा, फिरणे उजेडी उरका, आणि कुत्रा फारच घाबरत असेल तर डॉक्टरांना आजच विचारा.

धुळवडीच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्या ग्राहकांना एकच संदेश पाठवते: उद्या दुपारपर्यंत कुत्र्याला खाली नेऊ नका, सकाळची फेरी सहाच्या आत आटोपा, आणि रंग लागलाच तर आधी कोरड्या कापडाने झटका, मग साध्या श्वानशाम्पूने धुवा, रॉकेल लावू नका. दर वर्षी दोन-तीन जुने ग्राहक त्या संदेशाला उत्तर देताना शेजाऱ्यांच्या नव्या पिल्लाचा फोटो पाठवतात.